बरे दिसणे आणि बरे होणे: अतिदक्षता विभागातील संशोधनाची प्रस्तावना

मे २००० मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न्यूमोनिया, जंतुदोष किंवा मोठी इजा यांमुळे दोन्ही फुफ्फुसे सुजून पाणावलेल्या आणि व्हेंटिलेटरवर असलेल्या ८६१ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला प्रत्येक श्वासात किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिली. तोवर हीच पद्धत रूढ होती. दुसऱ्या गटाला तिच्या निम्मी, म्हणजे ६ मिलिलिटर दिली. पहिल्या काही दिवसांत जास्त हवा मिळालेल्या रुग्णांच्या रक्तातला ऑक्सिजन अधिक चांगला होता. राउंडवर आलेल्या कुणाही डॉक्टरला तेच रुग्ण सुधारत आहेत असे वाटले असते. प्रत्यक्षात त्या गटातले ३९.८ टक्के रुग्ण दगावले. कमी हवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होते.

असे का झाले, याचे उत्तर फुफ्फुसाच्या रचनेत आहे. या आजारात, ज्याला आपण एआरडीएस म्हणतो, फुफ्फुसाचा बराच भाग निकामी होतो आणि हवा घेऊ शकणारा भाग लहान मुलाच्या फुफ्फुसाएवढा उरतो. त्या उरलेल्या भागात मोठ्या माणसाच्या मापाचा श्वास दर मिनिटाला वीस-पंचवीस वेळा ढकलला की तो ताणला जातो, दुखावतो आणि त्याची सूज साऱ्या शरीराला भोवते. ऑक्सिजनचा आकडा त्या वेळी खरा असतो, पण त्यासाठी मोजलेली किंमत त्या आकड्यात दिसत नाही. चाचणीतले किलोही रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनाचे नव्हते, उंचीवरून काढलेल्या वजनाचे होते. माणूस जाड झाला म्हणून त्याचे फुफ्फुस वाढत नाही.

अतिदक्षता विभागातल्या संशोधनाकडे वळणाऱ्याने ही चाचणी सर्वांत आधी समजून घ्यावी, कारण आमच्या विद्याशाखेचा गाभा तिच्यात आहे. गंभीर आजारात रुग्ण बरा दिसणे आणि बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मॉनिटरवरचा आकडा तासाभरात सुधारतो. माणूस वाचला की नाही हे कळायला महिना लागतो, आणि तो पूर्वीसारखा जगू लागला की नाही हे कळायला वर्षही लागते. या दोहोंमधले अंतर प्रामाणिकपणे मोजणे हे आमचे काम आहे. एमडी, डीएनबी, डीएम करणारे विद्यार्थी, आयसीयूत रात्रपाळ्या करणाऱ्या परिचारिका, तालुक्याच्या गावी आठ-दहा खाटांचा विभाग चालवणारे डॉक्टर, आणि घरच्या माणसाच्या आजारपणात या जगाशी ओळख झालेला जिज्ञासू वाचक, या सर्वांसाठी ही प्रस्तावना आहे.

कोपनहेगन, १९५२

ही शाखा एका साथीत जन्मली. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओने थैमान घातले. ब्लेगडॅम हे शहरातले साथरोगांचे रुग्णालय. श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण तिथे रोज येऊ लागले. छातीभोवतीच्या हवेचा दाब कमी करून बाहेरून श्वास चालवणारी यंत्रे मोजकीच होती आणि घसा लुळा पडलेल्यांना त्यांचा फारसा उपयोग होत नव्हता. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले आढळे आणि डॉक्टर ते रक्त अल्कधर्मी झाल्याचे लक्षण मानत. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने त्याच आकड्याचा वेगळा अर्थ लावला. श्वास अपुरा पडल्याने शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आहे, रक्त आम्लधर्मी होते आहे आणि बायकार्बोनेट वाढते आहे ते त्यामुळेच, असे त्यांचे म्हणणे होते. २७ ऑगस्टला त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेदातून नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती मुलगी वाचली.

पुढचे कित्येक महिने सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रुग्णांच्या उशाशी बसून, दिवसरात्र त्या पिशव्या दाबल्या. एका वेळी सत्तर रुग्णांचा श्वास त्यांच्या हातांवर चालला होता. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी कोपनहेगनच्या नगर रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभारला. जगभरच्या आयसीयूंचा तो पूर्वज.

इब्सेन यांच्या उपायाला तुलनागटाची गरज पडली नाही. दहातले आठ-नऊ मरत होते, तिथे निम्म्याहून अधिक जगू लागले. एवढा मोठा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. पण वैद्यकात असे प्रसंग फार थोडे येतात, आणि आमच्या शाखेची पुढची सत्तर वर्षे त्याहून कितीतरी लहान फरकांच्या शोधात गेली आहेत.

डोळ्यांना न दिसणारा फरक

एआरडीएसच्या चाचणीकडे पुन्हा पाहू. ३९.८ आणि ३१ या आकड्यांमधला फरक म्हणजे साधारण अकरा-बारा रुग्णांमागे एक जीव. वर्षाला असे तीस रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरच्या हाती दोन-तीन जीवांचा फरक येईल. पण कोण मुळातच किती आजारी होता, कोण उशिरा आला, कुणाची मूत्रपिंडे आधीच खराब होती, या गोष्टींच्या चढउतारात तो बुडून जाईल. अनुभव कितीही दीर्घ असला तरी तो दिसणार नाही. शिवाय आपण ज्याला एखादा उपाय देतो, तो काहीतरी पाहूनच देतो. तरुण आहे, वाचण्याजोगा आहे, नातेवाईक तयार आहेत. मग तो वाचला की श्रेय उपायाला मिळते.

यावरचा इलाज सोपा आणि कठोर आहे. कुणाला कोणता उपाय मिळणार हे डॉक्टरने ठरवायचे नाही, सोडतीने ठरवायचे. रुग्णांची संख्या पुरेशी असली की दोन्ही गटांत वय, आजाराची तीव्रता, आणि आपल्याला माहीतही नसलेल्या असंख्य गोष्टी जवळपास सारख्या वाटल्या जातात. मग शेवटी जो फरक उरतो, तो उपायाचा मानता येतो.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना कित्येक दशके स्टिरॉइड दिले जात होते. मेंदूची सूज उतरेल, हा त्यामागचा विचार होता आणि तो कुणालाही पटण्याजोगाच होता. २००४ साली दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या जागतिक चाचणीचा निकाल आला. स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले होते आणि न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. शंभरामागे तीन जीव. जगातल्या कोणत्याही एका वॉर्डात हा फरक कुणाला दिसला नसता. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग साऱ्या शरीराला भोवतो तेव्हा, रक्तवाहिन्या ज्या नायट्रिक ऑक्साइडमुळे सैल पडतात, ते बनूच न देणाऱ्या औषधाचीही अशीच गोष्ट आहे. औषधाने रक्तदाब वाढला आणि मृत्यूही वाढले, औषधाशिवाय ४९ टक्के तर औषधाने ५९ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

या उदाहरणांनी शरीरक्रियाशास्त्र खोटे ठरत नाही. इब्सेन यांनी त्याच्याच आधारे तर मार्ग काढला. शरीरक्रियाशास्त्रातून प्रश्न कोणता विचारावा हे कळते. उत्तर मात्र रुग्णांच्या न्याय्य तुलनेतूनच मिळते, आणि ते मान्य करण्याची तयारी ही या क्षेत्राची पहिली अट आहे.

एका रुग्णालयाचे यश

२००१ साली दोन चाचण्यांनी आयसीयूचे जग ढवळून काढले. बेल्जियममधल्या लूव्हेन येथे शस्त्रक्रियेनंतरच्या १,५४८ रुग्णांत रक्तातली साखर इन्शुलिनने काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यावर आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. अमेरिकेतील डेट्रॉइटमध्ये सेप्सिसच्या २६३ रुग्णांवर पहिल्या सहा तासांत ठरावीक उद्दिष्टे गाठत उपचार केल्यावर मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर उतरले. दोन्ही चाचण्या एकेका संस्थेतल्या होत्या. दोन्ही पद्धती बघता बघता जगभर रुजल्या.

पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि उत्तर अमेरिकेतल्या संशोधकांनी साखरेचा प्रश्न ६,१०४ रुग्णांना घेऊन पुन्हा विचारला. २००९ साली उत्तर आले. काटेकोर नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले, साखर १८० च्या आत ठेवण्यावर समाधान मानलेल्या गटात २४.९ टक्के. साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रकारही काटेकोर गटात कितीतरी जास्त होते. सेप्सिसच्या सहा तासांच्या पद्धतीची अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि ब्रिटन येथे तीन स्वतंत्र चाचण्यांत फेरतपासणी झाली. २०१४ आणि २०१५ साली तिन्हींचे निकाल आले आणि नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा तिने जास्त जीव वाचत नाहीत हे स्पष्ट झाले.

नवख्या वाचकाला यातून निराशा येऊ शकते. मला मात्र यात आमच्या शाखेचे खरे बळ दिसते. मूळ संशोधकांनी प्रश्न धीटपणे विचारले, आणि त्यांच्यामुळेच सेप्सिस लवकर ओळखणे, अँटिबायोटिक वेळेवर देणे, साखरेकडे लक्ष ठेवणे या गोष्टी नेहमीच्या झाल्या. एका निष्णात संस्थेत, विशिष्ट आहारपद्धतीत, विशिष्ट मनुष्यबळावर जे साधते ते सर्वत्र साधेलच असे नाही. म्हणून एका चाचणीवर विसंबू नये, ती दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करावी, आणि निकाल उलटा आला तर तो तितक्याच ठळकपणे छापावा. ही शिस्त नसती तर आजही आपण साखर ऐंशीवर आणण्यासाठी रुग्णांना इन्शुलिन देत बसलो असतो.

याच काळातल्या इतर चाचण्यांतून आणखी एक सूत्र हाती आले. आमच्या क्षेत्रातल्या अनेक उत्तम शोधांनी काहीतरी कमी किंवा साधे करायला शिकवले. कॅनडात १९९९ साली ८३८ रुग्णांच्या चाचणीत हिमोग्लोबिन ७ च्या खाली जाईपर्यंत रक्त न देणे हे १० च्या वर ठेवण्याइतकेच सुरक्षित ठरले. शिकागोत २००० साली व्हेंटिलेटरवरच्या १२८ रुग्णांपैकी निम्म्यांचे गुंगीचे औषध रोज एकदा थांबवून त्यांना जागे होऊ दिले, आणि त्यांचे व्हेंटिलेटरवरचे दिवस सातांवरून पाचांच्या आसपास आले. फ्रान्समध्ये प्रामुख्याने झालेल्या, २०१३ साली छापलेल्या चाचणीत तीव्र एआरडीएसच्या रुग्णांना रोज किमान सोळा तास पालथे झोपवले. २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. या उपायाला नवे औषध लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. नळ्या आणि लाईन सांभाळत, एकमेकांना आवाज देत रुग्ण वळवणारे चार-पाच जणांचे तरबेज पथक लागते. अशा चाचण्यांचे यश सिस्टर आणि वॉर्डबॉय यांच्या हातांवर अवलंबून असते, म्हणून संशोधनाच्या आखणीतही त्यांचा आवाज असायला हवा.

जागा बदलली की उत्तर बदलते

आयसीयूतले बहुतेक मोठे निष्कर्ष श्रीमंत देशांतून आलेले आहेत. ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतात का, हा आपल्या वाचकासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

युगांडा, केनिया आणि टांझानिया येथे कॅथरिन मेटलँड आणि सहकाऱ्यांनी केलेली, २०११ साली छापलेली चाचणी प्रत्येकाने वाचावी. तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या तीन हजारांहून अधिक मुलांपैकी काहींना सुरुवातीलाच भराभर सलाईन किंवा अल्ब्युमिन दिले, काहींना फक्त नेहमीपुरते द्रव. जगभरची मार्गदर्शक तत्त्वे पहिल्या उपायाच्या बाजूने होती. भराभर द्रव दिलेल्या मुलांत तासाभराने शॉकची लक्षणे खरोखरच जास्त प्रमाणात निवळलेली होती. पण ४८ तासांत त्यांच्यातली सुमारे १०.५ टक्के मुले दगावली, आणि तसे द्रव न दिलेल्यांतली ७.३ टक्के. जुलाबांनी कोरडी पडलेली आणि तीव्र कुपोषित मुले या चाचणीत नव्हती, हे विसरून चालणार नाही. जुलाबांच्या मुलाला द्रव नाकारण्याचा आधार ती देत नाही. झांबियात लुसाका येथे सेप्सिस झालेल्या, मुख्यतः एचआयव्हीबाधित प्रौढांवर केलेल्या, २०१७ साली छापलेल्या चाचणीनेही तोच इशारा दिला. द्रव आणि रक्तदाबाची औषधे ठरावीक पद्धतीने दिलेल्या गटात ४८.१ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के.

आपले प्रश्न आपणच विचारायला हवेत, आणि महाराष्ट्राने ते विचारलेही आहेत. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात मुले आणि तरुण फुफ्फुसात पाणी होऊन दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सत्तरच्या दशकात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत असताना एकेका रुग्णाची नोंद ठेवली. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण येतो हे ओळखून त्यांनी प्राझोसिन हे स्वस्त, तोंडाने देता येणारे औषध वापरले. ते तिथेच थांबले नाहीत. पुढे विंचवाच्या विषावरचे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर त्यांनी ७० रुग्णांची सोडतीने विभागणी करून प्राझोसिन एकटे आणि प्रतिविषासह अशी तुलना केली. दोन्ही मिळालेल्यांपैकी ९१.४ टक्के रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, एकट्या प्राझोसिनने २२.९ टक्के. आपलाच गाजलेला उपाय पुन्हा तुलनेला लावण्याची ही वृत्ती मला त्या औषधाइतकीच मोलाची वाटते.

दुसरे उदाहरण बारामतीचे. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा आपल्या ग्रामीण आयसीयूंत नेहमीची. तिथे प्रालिडॉक्झिम हे प्रतिविष सतत थेंबाथेंबाने द्यावे की चार-चार तासांनी, हा प्रश्न घेऊन गिरिराज हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांची चाचणी केली. २००६ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. सतत दिलेल्या गटातला एक रुग्ण दगावला, थांबून थांबून दिलेल्या गटातले आठ. पण तीन वर्षांनी श्रीलंकेतल्या २३५ रुग्णांच्या चाचणीत हेच औषध नुसत्या सलाईनच्या तुलनेत उपयोगी ठरले नाही. औषध मिळालेल्यांत मृत्यूंचा आकडा उलट जास्तच होता, जरी तो फरक योगायोगाचा असण्याची शक्यता फेटाळता येत नव्हती. यातले खरे कोणते? मात्रा वेगळ्या होत्या, आजाराची तीव्रता वेगळी होती, कीटकनाशकांची रसायने वेगळी होती आणि दवाखान्यात पोहोचायला लागलेला वेळही वेगळा होता. हा वाद अजून मिटलेला नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तो वाद मिटवणे कुणाच्या जीवनमरणाशी जोडलेले आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले.

तिसरे उदाहरण अलीकडचे. स्क्रब टायफस हा माइट या सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने सात भारतीय केंद्रांत त्याच्या तीव्र रूपाच्या सुमारे ८०० रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२३ साली निष्कर्ष आले. डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन ही दोन जुनी औषधे शिरेतून एकत्र दिल्यावर मृत्यू, रेंगाळलेली गुंतागुंत किंवा न उतरणारा ताप यांपैकी काहीतरी वाट्याला आलेले रुग्ण ३३ टक्के होते. एकेकटे औषध दिल्यावर ते ४७-४८ टक्के होते. श्रीमंत देशांतल्या कोणीही आपल्यासाठी ही चाचणी केली नसती. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे हा आजार क्वचितच आढळतो.

संमती

आमच्या संशोधनाची सर्वांत अवघड बाजू शास्त्रीय नाही, नैतिक आहे. ज्याच्यावर चाचणी करायची तो बेशुद्ध असतो, गुंगीत असतो, नाहीतर त्याच्या तोंडात नळी असते. बाहेर बाकावर त्याची पत्नी किंवा भाऊ बसलेला असतो. बिलाची चिंता असते, झोप झालेली नसते. त्या माणसापुढे संमतीपत्र ठेवताना आपण काय मागतो आहोत याची जाण डॉक्टरने सतत ठेवली पाहिजे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली दिलेली राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१९ सालचे नवी औषधे व चिकित्सा चाचण्यांचे नियम यांत कायदेशीर प्रतिनिधीची संमती, नीतिसमितीची मान्यता आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई यांच्या तरतुदी आहेत. क्षणाचाही विलंब परवडत नाही अशा वेळी नीतिसमितीच्या पूर्वमान्यतेने संमती नंतर घेण्याचा मार्गही जगभर वापरला जातो. आफ्रिकेतल्या मुलांच्या त्या चाचणीत आईबापांकडून आधी तोंडी होकार आणि मूल सावरल्यावर सविस्तर संमती घेतली होती. असे केले तर शुद्धीवर आलेल्या रुग्णाला सर्व सांगणे आणि त्याचा नकार मानणे हे बंधनकारकच आहे.

'आमच्या माणसावर प्रयोग करताय का?' असा प्रश्न नातेवाईक विचारतात. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरळ द्यावे. दोन्ही उपाय आज वापरात आहेत, कोणता चांगला हे आम्हाला खरोखरच माहीत नाही, म्हणून सोडतीने ठरवतो आहोत, तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारांत काही कमी होणार नाही. ही चारही वाक्ये मनापासून म्हणता येत नसतील, तर ती चाचणी करूच नये. दुसरे बंधन प्रामाणिक नोंदणीचे. भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. चाचणी सुरू होण्यापूर्वीच प्रश्न आणि मोजमाप जाहीर केलेले असले की निकाल आल्यावर सोयीचा प्रश्न शोधता येत नाही.

कोविडने शिकवलेले

२०२० साली आमच्या शाखेची परीक्षा झाली. मार्चमध्ये ब्रिटनने देशभरच्या रुग्णालयांत एकच साधी चाचणी सुरू केली. अर्ज पानभर, नोंदी मोजक्या, प्रश्न स्पष्ट. १६ जूनला एक मोठे उत्तर जाहीर झाले. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणले. डोक्याच्या इजेत स्टिरॉइड घातक ठरले होते, इथे ते तारक ठरले. त्याच चाचणीत आणखी एक ओळ होती. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती, त्यांना स्टिरॉइडचा काहीच फायदा झाला नाही. ती ओळ अनेकांनी वाचलीच नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरी असलेल्या, ऑक्सिजन व्यवस्थित असलेल्या रुग्णांनाही स्टिरॉइड दिली गेली. मधुमेही रुग्णांत म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य आजार वाढला त्यामागे हेही एक कारण होते, आणि महाराष्ट्राने त्याचा मोठा भार सोसला. कितीतरी जणांचे डोळे आणि जबडे गेले. निष्कर्ष अर्धा वाचणे किती महाग पडते याचा हा धडा आपल्या घरातला आहे.

म्हणून कोणताही शोधनिबंध वाचताना काही प्रश्न सवयीने विचारावेत. चाचणीत कोण होते आणि कुणाला वगळले होते? तुलना कशाशी केली? मोजले काय, मॉनिटरवरचा आकडा की माणसाचे जगणे? किती जणांची माहिती शेवटपर्यंत मिळाली? आणि माझ्यासमोरचा रुग्ण त्या रुग्णांसारखा आहे का?

नव्वदाव्या दिवशी

रुग्ण आयसीयूतून बाहेर आला की आमचे काम संपले असे पूर्वी मानत. टोरोंटोत एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा पाच वर्षे पाठपुरावा झाला तेव्हा कळले की त्यांची फुफ्फुसे जवळपास पूर्ववत झाली होती, पण चालण्याची ताकद पूर्ण परतली नव्हती. स्नायूंची दुर्बलता, विस्मरण, भीती, नैराश्य हे सारे आता आयसीयूपश्चात आजार म्हणून ओळखले जातात. भीती आणि नैराश्य घरच्यांनाही ग्रासते. आपल्याकडे यात कर्ज, गेलेली नोकरी आणि मोडलेले शिक्षण यांची भर पडते. या गोष्टी मोजल्याशिवाय आपला उपचार यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही.

भारतात या संशोधनाचा पाया घातला गेला आहे. अतिदक्षता वैद्यकाची राष्ट्रीय संघटना १९९३ साली मुंबईत स्थापन झाली. टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. जिगीषू दिवाटिया आणि सहकाऱ्यांनी २०१० आणि २०११ मधल्या चार ठरावीक दिवशी देशभरच्या १२४ आयसीयूंतील ४,२०९ प्रौढ रुग्णांची नोंद घेतली, आणि आपल्या विभागांत कोण दाखल होते, कोणते उपचार मिळतात याचे पहिले मोठे चित्र उभे राहिले. आता हवे आहेत ते अशा कामात उतरणारे हात. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो आणि मलेरियाने भरलेल्या आयसीयूत किती सलाईन पुरेसे आहे? एका सिस्टरकडे चार-चार व्हेंटिलेटर असतील तर कोणता उपाय झेपतो? पैसे संपले म्हणून नातेवाईक रुग्णाला घरी घेऊन जातात, तेव्हा आपल्या आकडेवारीत त्याला कुठे मोजायचे? ही उत्तरे बाहेरून येणार नाहीत.

यासाठी मोठे अनुदान मिळेपर्यंत थांबू नका. आपल्या विभागात एक वही किंवा संगणकावर एक तक्ता उघडा. रुग्ण किती वाजता आला, आजार काय, आल्यावर स्थिती कशी होती, २८ व्या दिवशी काय झाले, एवढे प्रत्येकाचे न चुकता लिहा. त्यासाठीही संस्थेची आणि नीतिसमितीची परवानगी आधी घ्या. मग ९० व्या दिवशी त्याच्या घरी फोन करा, आणि तो चालतो का, जेवतो का, कामावर गेला का, हे विचारून त्याच तक्त्यात नोंदवा. वर्षभराने तो तक्ता वाचाल तेव्हा आपला कोणता उपाय आपण समजत होतो तेवढा उपयोगी नाही हे दिसू लागेल, आणि तुमची पहिली चाचणी त्याच ओळीतून निघेल. त्या कामात तुमचे मनापासून स्वागत आहे.